उपविजेता

हौसेला मोल नसतं म्हणतात. तात्यांच्या हौसेचा हिशेब मात्र आईकडे चोख होता : आयोडेक्स, आंबेहळद, क्रेप बँडेज आणि दर सामन्याआधी मारुतीला एक नारळ. नारळ फुकट जायचा. बाकीचं कामाला यायचं.

तात्या गिरणीत कामाला होते, म्हणजे पगारापुरते. खरी नोकरी जांबोरी मैदानात. कबड्डीला ते मरेपर्यंत हुतूतूच म्हणत. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतली आमची खोली 160 चौरस फुटांची, आणि 13 बाय 10 मीटरच्या मैदानात तशा आठ खोल्या आरामात बसतात, हे गणित त्यांनीच मला शिकवलं. शाळेतली बाकीची गणितं त्यांना जमत नसत.

स्वतः कोपऱ्यात खेळायचे. चवडा काढण्यात हात इतका बसलेला की घरातही सवय जाईना. रात्री पाणी प्यायला उठलो की जमिनीवर झोपलेल्या तात्यांना ओलांडून मोरीपर्यंत जावं लागे, आणि दोन-तीनदा तरी त्यांनी झोपेत माझा घोटा धरलाय. आई अंथरुणातूनच ओरडायची, ‘‘अहो, सोडा, आपलाच आहे!’’

तात्या उभ्या हयातीत एकदाही बाद झाले नाहीत. पंचांनी त्यांना बाद ‘दिलं’. दोन्ही गोष्टींत फरक आहे आणि तो समजावून सांगायला ते रात्री दुसरी पाळी संपवून आल्यावरही तयार असत. दोन्ही हातांनी आमटी-भात मांडायचे : ताटाची कड ही निदानरेषा, लोणच्याची फोड म्हणजे आपण, आणि पंच कुठे? तर मिठाच्या बरणीमागे, जिथून काही दिसत नाही.

अंतिम सामन्यात त्यांचा संघ हटकून पोचायचा आणि हटकून हरायचा. त्यामुळे बक्षिसाची स्टीलची भांडी घरात येत राहिली. लोकांच्या भांड्यांवर बायकांची नावं असतात, आमच्या प्रत्येक भांड्यावर ‘उपविजेता’. पाहुणा ताकाचा पेला तोंडाला लावताना वाचायचा आणि उगाच हळहळायचा. चाळीत आमची वाटी कधी हरवली नाही, हा एक फायदा. दुसऱ्याच्या घरात उपविजेतेपद कोण ठेवून घेणार?

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. गिरणीचा भोंगा थांबला, तात्यांचा दम चालूच राहिला. आईने डबे करायला घेतले तेव्हा मोठं पातेलं विकत आणावं लागलं नाही. तेही उपविजेतंच होतं. दोन वर्षं त्यात पंधरा माणसांचा भात शिजला. तात्या त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत; फक्त ते पातेलं घासायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि ते घासताना अक्षरांवर राख जरा जोरात चालायची, असं आईचं म्हणणं.

2014 च्या जुलैत प्रो कबड्डी लीगचा पहिलाच सामना आमच्या वरळीत, एनएससीआयच्या डोममध्ये झाला. यू मुंबा विरुद्ध जयपूर. तिकीट काढून तात्यांना नेलं. आत गारठा, दिवे, ढोल, मॅट, खेळाडूंच्या पायांत बूट. ‘‘बूट घातल्यावर चवडा कसा काढायचा?’’ मग समजलं की चढाईला 30 सेकंदांचं घड्याळ आहे. ‘‘म्हणजे दमाचं कामच नाही?’’ मी दुखऱ्या नसेवर बोट ठेवायचं म्हणून सांगितलं की राकेश कुमारला लिलावात 12 लाख 80 हजार मिळाले. तात्या बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘‘आम्हाला वडापाव. जिंकलं तर दुसरा.’’ म्हणजे आयुष्यभर एकच.

पाच मिनिटांत मात्र सगळी नाराजी विरघळली. मुंबाच्या कोपऱ्याने झेप घेतली आणि त्याच क्षणी तात्यांनीही. पुढच्या रांगेतल्या सूटवाल्या गृहस्थाचा दंड दोन्ही हातांनी पक्का धरलेला. मी माफी मागत होतो आणि तात्या पंचाकडे बघत होते. मुंबा 45-31 ने जिंकली. घरी येताना म्हणाले, ‘‘जिंकल्यावर भांडी कुठली देतात रे?’’

ते हे विचारायला आता नाहीत. 2025 च्या ऑगस्टमध्ये चाळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना टॉवरमधल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा सगळ्या मजल्यांवर माळे उपसणं सुरू झालं. एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू पदराखाली काहीतरी झाकून आल्या. संपाच्या वर्षी उसनं नेलेलं भगुणं. चाळीस वर्षांनी माळ्यावर सापडलेलं.

‘‘तुमचंच ना?’’ त्या ओशाळून म्हणाल्या.

आईने चष्मा लावला, भगुणं उलटंपालटं केलं आणि डोळे बारीक करून थबकली. त्यावर लिहिलं होतं : ‘विजेता’.

‘‘नाही गं,’’ आई म्हणाली, ‘‘हे आमचं नसणार.’’