उलटा पदर

लग्नाच्या मांडवात नाना शिरले की उमरोळीतल्या बायका पदर खोचून घेतात. माणूस सज्जन; पण पैठणी दिसली की हात आवरत नाही. पदर उलटा करायचा, चष्मा वर सरकवायचा आणि निकाल द्यायचा, "मागे धागे लोंबतायत. मशीनची आहे!" मागे एकदा त्यांनी हे थेट नवरदेवाच्या आत्यालाच सुनावलं. आत्याबाई सकाळपासून "खास येवल्याहून मागवली" म्हणून मिरवत होत्या. नानांचं म्हणणं खरं होतं, म्हणून तर जास्त बोंब झाली. हातमागावर पदराच्या नक्षीचे रंग एकमेकांत अडकवत विणतात, त्यामुळे अस्सल पैठणी उलट-सुलट जवळजवळ सारखीच दिसते. काकूंनी नवऱ्याला जिलेबीच्या पंगतीला बसवून विषय मिटवला.

गंमत म्हणजे नानांची हयात गेली तारापूर एमआयडीसीतल्या कापड कारखान्यात. पॉलिएस्टर सूटिंग. मिनिटाला सहाशे आडवे धागे फेकणारे माग, आणि त्यांवर नाना सुपरवायझर. माग जरा बंद पडला की यांचं ब्लडप्रेशर चढायचं. रिटायर झाले आणि हाताच्या कामाचा एकदम उमाळा आला. आता खादीचा झब्बा, खांद्याला झोळी. वांद्र्याला महालक्ष्मी सरस भरलं की डहाणू लोकल पकडून निघालेच. तिथे बचत गटाच्या बायकांना त्यांचीच कला समजावून सांगतात आणि रिकाम्या झोळीने परत येतात.

भाव करायचंही तंत्र आहे. मनोरच्या बाजारात सुपाच्या कामट्यांवरून प्रेमाने बोट फिरवत विचारतात, "किती वेळ लागला, मावशी?" ती म्हणाली अर्धा दिवस, तर "मग एवढे पैसे कशाचे?" म्हणाली दोन दिवस, तर "घरी बसूनच विणलं ना?" एका मावशीने सूप त्यांच्या हातातून काढून घेतलं. "बाबा, तूच बस आणि विण. कामट्या मी देते. सूप फुकट ने." नाना खूप हसले. घरी येऊन तिच्या हजरजबाबीपणाचं कौतुक केलं. सूप सुनेने आणलं, प्लॅस्टिकचं.

सावंतवाडीची लाकडी ठकी तेवढी त्यांनी घासाघीस न करता आणली, नातीसाठी. आणून काचेच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं. "खेळायचं नाही हं. कला आहे." पोर काचेला नाक लावून बसायची.

किल्ली काकूंनीच दिली असणार. दुपारची झोप काढून नाना बाहेर आले, तर ठकी ओट्यावर, शिवणाच्या डब्यातली चिंधी नेसून थाटात उभी. नानांनी सवयीने पदर उलटला. चष्मा वर गेला.

"अगं, हा तर आमच्या खात्यातला माल!" ते ओरडले. "बघ, बघ, मागून एक तरी धागा लोंबतोय का?"