प्रकल्पपिता

इंग्लंडात जूनच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या मराठी घरी गेलात आणि यजमान चहाचं विचारायच्या आधी ‘‘तुमच्याकडे चांगली कानस आहे का हो?’’ असं विचारू लागले, तर समजावं की घरातलं पोर इयर टेनमध्ये आहे आणि त्याने जीसीएसई या शालान्त परीक्षेला डिझाइन अँड टेक्नॉलॉजी घेतलंय. पोराचा त्या कानशीशी काडीचा संबंध नसतो. ते वर आपल्या खोलीत दार लावून बसलेलं असतं. खाली बैठकीत मोजपट्टी घेऊन जो येरझारा घालतो, तो प्रकल्पपिता.

हा स्लाऊला भेटतो, हॅरोला भेटतो, मिल्टन कीन्सला तर एका गल्लीत दोन. डिग्री मेकॅनिकलची, महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी कॉलेजातली. नोकरी बँकेच्या सॉफ्टवेअरची. गेल्या पंचवीस वर्षांत त्याने माऊसखेरीज एकही हत्यार चालवलेलं नाही. पण पोराच्या वेळापत्रकात ‘डीटी’ ही दोन अक्षरं दिसली, की कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवशी वारलेला त्याच्यातला इंजिनिअर उठून बसतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘‘लेथ आहे का शाळेत?’’

विषय तसा सरळ आहे. १९९०मध्ये तो इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात आला. जीसीएसईला आता ऐच्छिक असतो. निम्मे गुण दोन तासांच्या लेखी पेपरला, निम्मे प्रकल्पाला. कागदोपत्री या प्रकल्पाला ‘नॉन-एक्झाम असेसमेंट’ म्हणतात, घरोघरी अजून ‘कोर्सवर्क’च चालतं. परीक्षा मंडळ १ जूनला दोन-तीन ढोबळ विषय जाहीर करतं, ‘वृद्धांच्या गरजा’ या धाटणीचे. मुलाने त्यातला एक निवडायचा, कुणीतरी जिताजागता ग्राहक गाठायचा, त्याची अडचण समजून घ्यायची, तिच्यावर तोडगा काढणारी वस्तू करायची आणि हा सगळा खटाटोप वीसेक पानांत मांडायचा. तीस ते पस्तीस तासांचं काम, असा मंडळाचा अंदाज. प्रकल्पपित्याचे तास त्यात धरलेले नाहीत.

मंडळाची माहितीपुस्तिका हा एका रात्रीत वाचून काढतो. घरात ती वाचणारा तो एकटाच. एक्यूए मंडळाची गुणविभागणी अशी: शोधाशोधीला १०, वस्तू कशी हवी ते नेमकं लिहिण्याला १०, कल्पनांना २०, त्या कल्पना वाढवण्याला २०, प्रत्यक्ष वस्तूला २०, शेवटच्या मूल्यमापनाला २०. दुसऱ्या दिवशी त्याचा मला फोन.

‘‘अहो, वस्तूला शंभरात वीसच? मग बाकीचे ऐंशी कसले?’’

‘‘विचाराचे असतील.’’

‘‘विचार केल्याशिवाय वस्तू होते का? मग तो वेगळा दाखवायचा कशाला?’’

याला उत्तर नव्हतं. निदान माझ्याकडे नव्हतं.

ग्राहकाचा प्रश्न मात्र देवदयेने आपोआप सुटतो, कारण जून हा आजी येण्याचा महिना. सहा महिन्यांच्या व्हिसावर, गोडा मसाला आणि मेतकूट घेऊन आजी उतरतात आणि जेट लॅग उतरायच्या आत ‘वृद्ध’ या सदराखाली त्यांची मुलाखत सुरू होते. ही मुलाखत मी समोर बसून ऐकली आहे. नातू लॅपटॉप उघडून बसलेला, मागे प्रकल्पपिता उभा, आणि स्वयंपाकघराचं दार सताड उघडं. आत सूनबाई.

‘‘आजी, तुला रोजच्या लाइफमध्ये काय प्रॉब्लेम येतो?’’

‘‘मला रे कसला प्रॉब्लेम? सगळं छान आहे.’’ मग जरा मोठ्याने, दाराच्या दिशेने, ‘‘तुझी आई सगळं बघते हो माझं.’’

‘‘पण तुला काहीतरी हवं असेल ना? जे मार्केटमध्ये मिळत नाही?’’

‘‘मला काही नको बाबा आता.’’

‘‘बरं, कलर कुठला आवडेल?’’

‘‘कुठलाही.’’

‘‘साइज?’’

‘‘तुला सोपा पडेल तो कर.’’

‘‘किती पैसे देशील त्याचे?’’

‘‘थांब, पर्स आणते.’’

ब्रिटिश परीक्षा मंडळाने पुष्कळ गोष्टींचा विचार केलाय, पण ज्याला काहीच नको असतं असा ग्राहक त्यांच्या हिशेबात नसावा. पोराने रकान्यात ‘नथिंग’ लिहिलं आणि लॅपटॉप मिटला.

त्याच संध्याकाळी आजींनी मिरजेला बहिणीला फोन लावला. खुर्च्या उंच, पाय लोंबकळतात. नळ फिरवायचा की उचलायचा कळत नाही. पोथी मांडीवर घेऊन वाचते, तर मान अशी भरते म्हणतेस! घरचं चौरंगासारखं ते लाकडी आहे ना, ते सामानात बसलं नाही. पाऊण तास. जिन्यावर बसलेल्या नातवाने अर्धंमुर्धं कळेल तेवढं टिपून घेतलं. पुढे शाळेत बाईंना हेच पान सगळ्यांत आवडलं.

पोथीसाठी स्टँड! प्रकल्पपित्याला एवढंच पुरे होतं. जेवणं व्हायच्या आत ओक लाकूड, गिअर मोटर, आपोआप पान उलटणारा हात, एलईडीचा दिवा आणि मोबाइलवरचं ॲप इथपर्यंत आराखडा गेला होता. पोराने मध्येच विचारलं, ‘‘बाबा, हे माझं कोर्सवर्क आहे ना?’’

नियम त्याच्या बाजूने आहे. पालकांनी साधनं पुरवावीत, प्रकल्पाबद्दल बोलावं. काय घालावं आणि काय गाळावं हे मात्र थेट सांगू नये. शेवटी काम मुलाचंच आहे अशी सही मूलही करतं आणि शिक्षकही. प्रकल्पपित्याने हा नियम वाचला होता, आणि इंजिनिअरने कंत्राट वाचावं तसाच वाचला होता.

‘‘सांगायचं नाही ना? मी कुठे सांगतोय? मी करून ठेवतो. त्याला बघायचं तर बघेल.’’

उन्हाळाभर मागच्या अंगणातल्या शेडमधून करकर ऐकू येत होती. ड्रिल आलं, शिकंजा आला, सहा तऱ्हेच्या पटाशा आल्या. कॉलेजात पहिल्या वर्षाला फिटिंगचा जॉब असे: लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांत असे बसवायचे की मधून उजेड दिसता कामा नये. ‘‘माझ्या जॉबमधून उजेड नव्हता दिसत,’’ असं तो शेडच्या दारातून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. तो जॉब वर्कशॉपमधल्या मामांनी चहापाण्यावर घासून दिला होता, ही माहिती त्याच्या बायकोची.

ऑगस्टअखेर स्टँड तयार झाला. सुबक होता, खोटं कशाला बोलू. वजन चार किलो. मोटर लावली की एक हात यायचा आणि गुरुचरित्राची पाच-सहा पानं एकदम उलटायचा. सप्ताहाचं पारायण परवाच्या दुपारी आटोपलं असतं. आजी म्हणाल्या, ‘‘छान झालाय हो.’’ आणि पोथी पुन्हा मांडीवर घेतली. स्टँडवर त्यांनी चष्म्याचं घर, गोळ्यांची पाकिटं आणि कानटोपी ठेवायला सुरुवात केली. त्या कामाला तो उत्तम होता.

शाळा उघडली. बाजारात आधीपासून असलेल्या वस्तूंचं परीक्षण करणं हा प्रकल्पाचा एक भाग असतो. त्यासाठी इथल्या पोरांना आठ मुद्दे तोंडपाठ असतात: रूप, किंमत, ग्राहक, पर्यावरण, आकार, सुरक्षितता, कार्य, साहित्य. पोराने दोन वस्तू इंटरनेटवरून घेतल्या. तिसरी शेडमधून. ‘वस्तू क्रमांक ३’ खाली फोटो होता आणि मजकूर साधारण असा: ‘‘किंमत: इतक्या खर्चात दुकानातले बरेच स्टँड येतील. ग्राहक: ग्राहकाला विचारलेलं दिसत नाही. आकार: सत्तरीच्या बाईला उचलता येत नाही. सुरक्षितता: पायावर पडल्यास इजा होईल. कार्य: चष्मा ठेवायला चांगला.’’

प्रकल्पपित्याने ते पान दोनदा वाचलं. ‘‘भाषा बरी झालीय याची,’’ एवढंच म्हणाला.

पण तो हरला नव्हता. अजून कल्पना आणि त्यांची वाढ हे चाळीस गुण शिल्लक होते, आणि खरा तिढा इथेच आहे. महाराष्ट्रात ज्याने इंजिनिअरिंग केलंय त्याला जीटी माहीत नाही असं होत नाही. काचेखाली दिवा लावायचा, वर हुशार मित्राची ड्रॉइंगशीट, तिच्यावर आपली शीट, आणि उतरव रेघा! जर्नलात आधी ग्राफची रेघ मारायची, मग तिच्यावर बसतील अशी रीडिंग घ्यायची. सबमिशनच्या आठवड्यात सही मिळवायची तर पानावर चूक दिसता कामा नये, हे ज्याच्या हाडीमासी मुरलंय, त्याच्या पोराला इथे सांगतात: चुका दाखव. पहिलं मॉडेल का मोडलं ते लिही, मोडक्याचा फोटो लाव, मग काय बदललंस ते सांग. जेम्स डायसनने व्हॅक्युम क्लीनर जमेपर्यंत ५,१२७ प्रारूपं केली, हा इथल्या डीटीच्या वर्गाचा लाडका दाखला. तो ऐकून प्रकल्पपिता म्हणाला, ‘‘पाच हजार वेळा चुकला? व्हायव्हात याला सोडला कुणी?’’

तरी गुण चुकांना आहेत म्हटल्यावर त्याने चुकाही मनावर घेतल्या. ऑक्टोबरच्या सुट्टीत त्याने पोराला चार चुका करून दिल्या. पुठ्ठ्याचं एक, निळ्या फोमची दोन, प्लायचं एक. प्रत्येक मॉडेल एकाच ठिकाणी मोडलेलं, आणि ती मोड काटकोनात.

पेरेंट्स ईव्हनिंगला प्रत्येक विषयाला पाच मिनिटं मिळतात. डीटीच्या बाईंनी त्यातलं एक मिनिट मॉडेलांच्या फोटोंकडे बघण्यात घालवलं. ‘‘फार नेटकी आहेत,’’ त्या म्हणाल्या, ‘‘कुणी केली?’’ पोराने खरं सांगितलं. ते पान तिथल्या तिथे गळालं. उरलेल्या वेळात पित्याने बाईंना विचारलं की लेझर कटरचा टॉलरन्स किती.

हा प्रश्न वाया गेला नाही, फक्त उत्तर पोराला मिळालं. शाळेच्या वर्कशॉपमध्ये त्याने तीन मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये अचूक तीन मिलिमीटरच्या खाचा लेझरने कापल्या. पण लेझर कापताना केसभर लाकूड जाळून टाकतो. खाच तेवढी रुंद होते. जोडलेला स्टँड टेबलावर ठेवला तर आपसूक निजला. घरी फोटो बघून बापाच्या घशात घास अडकला. बाई मात्र खूश. पोराने वेगवेगळ्या रुंदीच्या खाचांची एक पट्टी कापून घेतली, कुठली घट्ट बसते ते पाहिलं, आकडे लिहिले. दोन पानं भरली. स्वतःच्या हाताने झालेली पहिली अस्सल चूक, आणि तिच्यात जॉब बसवायची सगळी विद्या होती. प्रकल्पपिता रात्री ती पट्टी दिव्यासमोर धरून उजेड दिसतो का ते बघत होता.

मधल्यामध्ये आजींचा व्हिसा संपत आला. स्टँड अजून व्हायचा होता, म्हणून पोराने पुठ्ठ्याचंच एक घडीचं मॉडेल चिकटपट्ट्या लावून त्यांना वापरायला दिलं. आठ दिवसांनी मत विचारलं, तर पुन्हा ‘‘छान आहे हो.’’ डिसेंबरात आजी गेल्या आणि मागाहून कळलं की मॉडेलही गेलं. बॅगेत साड्यांच्या मध्ये सपाट बसलं म्हणे. फोटो होते म्हणून निभावलं. मिरजेला ते अजून वापरात आहे. पोथी, पंचांग आणि अधूनमधून मोबाइल. पक्क्या एमडीएफचा स्टँड शाळेच्या कपाटात राहिला.

पुढच्या ऑगस्टमध्ये निकाल लागला. इथे नऊ हा सर्वांत वरचा ग्रेड. पोराला सात मिळाला. ‘‘दोन कुठे गेले?’’ हा प्रश्न सवयीने येऊन गेला.

आता धाकटी तिथवर आली आहे. तिने डीटी घेतलं नाही, फूड घेतलंय. त्यातही प्रकल्प आहेतच: एकात तीन तासांत तीन पदार्थ करून दाखवायचे, दुसऱ्यात अन्नाच्या शास्त्रावरचे प्रयोग. परवा सकाळी गेलो तर प्रकल्पपिता बेसिनपाशी उभा राहून कणकेचा गोळा नळाखाली धूत होता. पीठ वाहून गेलं की उरतं ते ग्लुटेन, असं मला समजावू लागला. शेजारी मैद्याचे, गव्हाचे, ज्वारीचे गोळे रांगेत, प्रत्येकाला चिठ्ठी. ज्वारीच्या गोळ्याचं धुवायला घेतल्यावर पाणीच पाणी झालं होतं.

‘‘अहो,’’ बायको आतून म्हणाली, ‘‘ते तिचं आहे. आणि पिठातलं तरी मला कळू दे. यात तुम्ही पडायचं नाही.’’

‘‘मी कुठे पडतोय?’’ हात पुसत तो म्हणाला. ‘‘मी फक्त वजनकाटा मागवलाय. दशांशाच्या पुढे दोन घरं दाखवतो.’’