गॅस कमी झालाय

भोरात त्यांना अण्णा म्हणतात, नसरापुरात तात्या आणि वेल्ह्याला बापू. गाव बदललं की हाक बदलते, नमुना तोच. वय पन्नाशीपुढचं, शेत वाट्यानं दिलेलं, पोरगा हिंजवडीला आणि दारात त्याच पोरानं नवी घेतल्यावर इकडे आणून लावलेली जुनी छोटी गाडी. कुणीही येऊन ‘अण्णा, एसी गारच करंना’ म्हणायचा अवकाश, अण्णा गाडीकडे न बघता निदान सांगतात, ‘गॅस कमी झालाय.’

पूर्वी एवढ्यासाठी पुणं गाठावं लागे. पन्नासेक किलोमीटर, खेड शिवापूरचा टोल, कात्रजची कोंडी आणि एवढं करून पोचल्यावर गॅरेजवाल्याचं ‘संध्याकाळी या’. आता गॅसचा डबा घरपोच येतो, 450 ग्रॅमचा. त्याच्यासोबत एक नळी आणि काट्याचा मीटर. सगळा घात त्या मीटरनं केला. डबा नुसता असता तर अण्णा जरा बिचकले असते, पण मीटर हातात आल्यावर माणसाला अधिकार येतो.

अण्णांचं काम बघायला गर्दी जमते. राजवाड्यात सिनेमांची चित्रीकरणं बघून बघून भोरकरांना एक शिस्त लागली आहे : कामाच्या माणसाच्या मध्ये यायचं नाही आणि काय चाललंय ते विचारायचं नाही. अण्णा बॉनेट उचलतात, सुनेचा गॉगल डोळ्यांवर चढवतात (हे मात्र योग्यच, या गॅसचा फवारा डोळ्यात गेला तर डोळा गोठतो) आणि जाड पाइपावरचं ‘एल’ लिहिलेलं काळं टोपण काढून नळी खटकन बसवतात. काटा सरकतो. गर्दी एक पाऊल पुढे येते.

गंमत अशी, की त्या काट्याला अण्णा जे विचारतात ते त्याला ठाऊकच नसतं. इंजिन बंद असताना, आत थोडासा जरी द्रवरूप गॅस उरलेला असेल, तरी मीटर हवेच्या तापमानाप्रमाणे दाब दाखवतो. 30 अंशांना शंभरेक पीएसआय, मग गाडीत गॅस पुरेपूर असो की निम्मा. रांजणात पाणी किती आहे हे रांजण बाहेरून किती गार लागतो त्यावरून ठरवण्यातला हा प्रकार. इंजिन आणि एसी चालू केल्यावर तोच काटा तीस-चाळिशीत उतरला तर साधारण ठीक म्हणायचं, पण तेही अर्धंच सत्य. दुसऱ्या बाजूचा, म्हणजे हाय साइडचा दाब बघायला दुसरा मीटर लागतो आणि तो अण्णांकडे नाही. एकाच बाजूचं ऐकून निकाल द्यायची सवय त्यांना तंटामुक्ती समितीत असल्यापासूनची.

बॉनेटच्या आतल्या अंगाला कंपनीनं एक चिठ्ठी डकवलेली असते. या गाडीला कुठला गॅस आणि किती, ते त्यावर छापलेलं असतं. छोट्या गाडीला बहुधा 400 ते 500 ग्रॅम. म्हणजे अण्णांचा एक डबा हा टॉपअप नसून जवळजवळ अख्खी गाडीच असते. पण चिठ्ठीवर अण्णांचा विश्वास नाही. ‘ती जपानी माणसानं लावली. त्याला भोरचा एप्रिल काय म्हाईत?’ मग डबा पूर्ण जातो. जास्त गॅसनं दाब चढतो, कॉम्प्रेसर कण्हू लागतो आणि गारवा वाढायच्या ऐवजी कमी होतो. गारवा कमी झाला, की अण्णा दुसरा डबा उघडतात.

डबा उभाच धरायचा असतो, आतून वाफ जावी म्हणून. वाफ जाताना तो हातात इतका गारठतो की पत्र्यावर पांढरं दव गोठतं आणि गॅस जायचा वेग मंदावतो. इथे अण्णांचा धीर सुटतो. ते डबा उलटा करतात. आता वाफेऐवजी द्रव जातो, आणि द्रव काही दाबला जात नाही. कॉम्प्रेसरच्या आतल्या झडपा त्यात जायबंदी होतात. नव्या कॉम्प्रेसरच्या पैशात पुण्याच्या किती फेऱ्या झाल्या असत्या, हे अण्णांच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

मुळात हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच फिरत राहतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतोय. सांध्याला तेलकट डाग दिसतो का बघावं, साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघावं, रबरी ओ-रिंग बदलावी, मग पंपानं व्हॅक्यूम मारून आतली हवा आणि ओल काढावी आणि वजन करून गॅस भरावा. यातलं साबणापर्यंतचं सामान अण्णांच्या मोरीत आहे. पण साबणाच्या फेसाला गर्दी जमत नाही. रेडिएटरच्या पुढचा कंडेन्सर चिखलानं लिंपलेला असतो, तो पाण्यानं हलक्या हातानं धुतला तरी निम्म्या गाड्या सुधारतील. ते तर त्यांना गडीकाम वाटतं.

आणि हेच अण्णा संध्याकाळी पारावर ‘हल्ली उन्हाळा लई वाढलाय’ म्हणून उसासे टाकतात. पूर्वीचा आर-12 गॅस ओझोनला भोकं पाडत होता म्हणून 1987 च्या माँट्रियल कराराच्या पाठोपाठ हळूहळू बंद झाला. त्याच्या जागी आलेला हा 134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत गेला की कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. अण्णा दर साली तो ताजा भरतात आणि गाडी तो इमानेइतबारे हवेत सोडते.

वेल्ह्याला (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण एसटीत अजून वेल्हंच मागतात) एसी कशाला, असं पुण्याचे पाहुणे विचारतात. त्यांनी जूनमध्ये पाबे घाटात यावं. बाहेर पाऊस, आत चार माणसांचा श्वास, आणि पुढची काच अशी धुरकटते की रस्ता आहे यावर श्रद्धा ठेवून गाडी हाकावी लागते. एसीच्या थंड कॉइलवर हवेतली ओल ठिबकून जाते आणि कोरडी हवा काचेवर येते. तिकडे एसी गारव्यासाठी नसून नजरेसाठी आहे.

पहिल्याच पावसात वेल्ह्याच्या बापूंची काच निवळेना, तेव्हा त्यांनी अण्णांना फोन केला. अण्णा तीन डबे घेऊन निघाले. बॉनेट उघडलं, गॉगल चढला, एक डबा निम्मा आत गेला. बापूंची सून सुट्टीला आलेली, पडवीतून बघत होती. तिनं विचारलं, ‘अण्णा, वारा गार येत नाहीये, का वाराच येत नाहीये?’

सगळे गप्प. जाळीपाशी कुणी हातच लावला नव्हता. सूनबाईंनी समोरचा कप्पा रिकामा केला, दोन्ही बाजूंनी दाबून खाली लोंबवला आणि मागचा फिल्टर ओढला. त्याच्याबरोबर भाताचा पेंढा आला, इंद्रायणीची टरफलं आली, लग्नपत्रिकेतला अर्धा गणपती आला आणि शेवटी, कुणाकडेही न बघता, उंदीर उडी मारून गेला. गाडी सुगीपासून पेंढ्याच्या गंजीला लागून उभी होती.

‘मी आता तेच म्हणणार होतो,’ अण्णा म्हणाले.

चहा झाला. बापूंनी पिशवीभर तांदूळ दिला. न फोडलेले दोन डबे काखेत मारून अण्णा निघाले, पण त्यांचा पाय निघेना. गोठ्याशी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला त्यांनी एक फेरी मारली, वाकून पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं. त्याला एसी नव्हता.