घडी न मोडलेल्या ब्लाउजपीसला अनावृत पत्र

श्रीमान ब्लाउजपीस,
मुक्काम कपाटाचा सर्वांत वरचा कप्पा,
यांस सप्रेम नमस्कार वि. वि.

आमच्याकडे सध्या घर आवरण्याची लाट आली आहे. तरुण मंडळींनी मेरी कोंडो या जपानी बाईंचं पुस्तक वाचलं आहे. त्यामुळे दर रविवारी एकेक वस्तू हातात घेऊन ‘हिच्यामुळे आनंद होतो का’ असं मनाला विचारायचं आणि होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा, असा कार्यक्रम चालतो. जुने चार्जर गेले, झाकणं हरवलेले डबे गेले, डबे हरवलेली झाकणंही गेली. तुमच्यापाशी मात्र गाडी अडली.

कोंडोबाईंनी पसाऱ्याचे पाच वर्ग केले आहेत: कपडे, पुस्तकं, कागदपत्रं, किरकोळ आणि आठवणीच्या वस्तू. तुम्ही कपड्यांत मोडत नाही, कारण तुम्हाला कुणी कधी शिवणार नाही. आठवणीची वस्तू म्हणावं, तर तुम्ही कुठून आलात हेच आठवत नाही. म्हणून तर तुमच्या घडीत चिठ्ठी घालावी लागते, ‘वरच्या मजल्यावरच्या काकू, चैत्रगौर’. हेतू एवढाच, की तुम्ही चुकून त्याच काकूंच्या ओटीत जाऊ नये. राहता राहिला निरोप. तो आम्ही पिढ्यान्‌पिढ्या देत आलो आहोत, हळदकुंकू लावून, नारळासकट. जपानमध्ये निरोप दिलेली वस्तू नवरात्रात परत येत नसावी.

(खुद्द कोंडोबाईंनी २०२३ साली कबूल केलं, की तिसऱ्या मुलानंतर त्यांनी आवराआवरीचा नाद जरा सोडला आहे. तिथे तर ओटीही भरत नाहीत.)

सोळाव्या शतकातल्या टॉमस ग्रेशॅम या इंग्रज व्यापाऱ्याच्या नावाने अर्थशास्त्रात एक नियम सांगतात: वाईट चलन चांगल्या चलनाला हाकलून लावतं. चांगलं नाणं लोक घरात दडवतात, झिजलेलं पुढे सरकवतात. तुमच्या खानदानात तंतोतंत हेच घडलं. गुळेदगुड्डचा अस्सल खण ओटीत आला, की त्याचं नातीला परकर-पोलकं होतं, गेला बाजार उशीचा अभ्रा तरी होतोच. तो चलनातून बाद. फिरत राहता ते तुम्ही. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. ‘पीस दाखवा’ म्हटलं, की तो आधी विचारतो, ‘वापरायचे की देण्याघेण्यातले?’ देण्याघेण्यातले म्हणजे पलीकडचा माणूस ओळखू येईल इतके विरळ, आणि बेतायला घेतले तर बाहीपाशी कापड संपेल इतके आखूड. शिवाय हल्ली साडीलाच ब्लाउजचं कापड जोडून येतं आणि शिलाई तुमच्या किमतीच्या कितीतरी पट. म्हणजे तुमचं काम केव्हाच संपलं, फिरती मात्र चालू राहिली.

पूर्वीच्या कापडाला मरण माहीत होतं. सुती लुगड्याची गोधडी व्हायची, उरल्यासुरल्याची बाळाची दुपटी, मग ओट्यावरचं फडकं, शेवटी पायपुसणं, आणि एक दिवस ते विरून जायचं. तुम्ही पॉलिस्टरचे. पाणी टिपत नाही, त्यामुळे फडकं होण्याचीही तुमची लायकी नाही. बोहारीण साडीचा काठ दहादा उलटून बघते, पँटीच्या शिवणी तपासते, तुम्हाला हातसुद्धा लावत नाही. तिच्याकडून जुन्या कपड्यांवर आम्ही आणखी एक स्टीलची पातेली घेतो ती गोष्ट वेगळी; त्या पातेलीला वेगळं पत्र लिहीन.

बरं, तुम्हाला टाकून द्यावं तर तुम्ही शुभ. नाकारावं तर देणारीचा अपमान, कारण ओटीला नाही म्हणत नाहीत. चैत्रगौरीला तुम्ही, मंगळागौरीला तुम्ही, गौरी-गणपतीत, डोहाळजेवणात तुम्हीच. विधवा बाईच्या वाट्याला मात्र तुम्ही आजही सहसा येत नाही. एवढा एक कप्पा मोकळा राहतो, आणि तो ज्या कारणाने राहतो ते कारण तुमच्यापेक्षाही आधी घराबाहेर काढायला हवं.

फाटक्या, मळक्या नोटा रिझर्व्ह बँक परत घेते आणि त्यांचा चुरा करते. तुमच्यासाठी अशी बँक नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठ वाजता टीव्हीवर जी नोटाबंदी जाहीर झाली, तसं काही तुमच्या बाबतीत व्हावं असं मला अनेकदा वाटतं, पण मग गावोगावच्या कपाटांतून काय काय बाहेर येईल या विचाराने मी गप्प बसते.

सुधारकांनी उपाय काढले, नाही असं नाही. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर संक्रांतीच्या वाणात कापडी पिशव्यांचा पूर आला. आता आमच्याकडे दाराच्या कडीला पिशव्यांची एक पिशवी लटकते, आणि भाजीला जाताना पिशवी विसरायची सवय तशीच आहे. वस्तू बदलली. रथसप्तमीपर्यंत काहीतरी लुटायचंच, हा हट्ट तेवढा कुणी आवरला नाही. त्यामुळे एकेका घराने आपला कप्पा रिकामा करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. आमचा रिकामा झाला म्हणजे शेजारणीचा भरला.

तेव्हा माझं मागणं तुमच्यापुरतं आहे. ओटी राहू दे. तिच्यातल्या तांदळाचा भात होतो, नारळाच्या वड्या होतात, हळकुंड कुटून डब्यात जातं. ओटीतल्या सगळ्यांना संपायची बुद्धी आहे, एक तुम्हालाच नाही. तुमची जागा गजऱ्याला द्या. तो रात्रीपर्यंत सुकतो, आणि त्याची घडी घालून कुणी ठेवत नाही.

आपल्याविषयी लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपली,
पत्ता तुम्हाला ठाऊक आहेच.