मालक मागे बसलेत

गाडी घेताना माणूस तिच्या मागच्या सीटवर जेमतेम दोन मिनिटं बसतो. शोरूममधला टायवाला मुलगा दार उघडून "सर, बसून तर बघा" म्हणतो. आपण बसतो, गुडघे पुढच्या सीटला लागत नाहीत एवढी खात्री करतो, बायकोकडे बघून मान हलवतो आणि उतरतो. पुढे कर्ज फिटेपर्यंत हप्ते आपण भरतो आणि मागचा एसी खातात मेहुणे, साडू आणि "स्वारगेटला सोडतोस का जाता जाता?" म्हणणारे शेजारी. गाडीचा मालक तेवढा पुढे स्टिअरिंग धरून, मान ताठ ठेवून नवले पुलावरच्या ट्रकांशी सलगी करत असतो. ड्रायव्हरला निदान पगार तरी मिळतो.

आमच्या कन्येचा हात गाडीवर बसला आणि हा अन्याय दूर व्हायची वेळ आली. आत्याला कोल्हापूरला पोचवायचं होतं. कन्या म्हणाली, "बाबा, गाडी मी चालवते." बायको म्हणाली, "मग मी पुढे बसते. तिला सांगायला कोणीतरी हवं." आत्याची जागा आधीच ठरलेली होती. "मी म्होरं बसत न्हाई बाई. म्होरं बसलं की समदं ट्रक माझ्याच अंगावर येत्यात." अशा रीतीने आरसी बुकावर ज्याचं नाव आहे तो इसम मागच्या डाव्या दारातून आत शिरला.

कात्रजचा नवा बोगदा यायच्या आधीच गाडी कुईंकुईं करायला लागली. बेल्ट! मागच्यांनीही बेल्ट लावायचा हा नियम जुनाच आहे. 2022 च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री मागच्या सीटवर असताना अपघातात गेले, तेव्हा कुठे आपल्याला तो आठवला. न लावल्यास दंड हजार रुपये. मी पट्टा ओढला, पण खटका सापडेना. शोरूममधून गाडी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही वरून जे मरून सीट कव्हर चढवलं, त्याच्या खाली तो गडप झाला होता. मी सीटच्या फटीत मनगटापर्यंत हात घातला. आधी चिक्कीचा तुकडा आला, मग महाबळेश्वरच्या पार्किंगची पावती, केसांचे दोन आकडे, आणि ज्या मोत्याच्या कुडीपायी आमच्या घरात एक अख्खी दिवाळी अबोल गेली होती ती कुडी. सर्वांत शेवटी खटका. कुडी मी मूठ मिटून खिशात टाकली. असलं हत्यार योग्य वेळीच बाहेर काढायचं असतं.

आत्याला बेल्ट लावायला गेलो तर ती उसळलीच. "आरं, बाईमाणसाला जानवं घालतोस व्हय?" व्होल्वोच्या नील्स बोलिन या इंजिनिअरने 1959 मध्ये हा तीन टोकांचा पट्टा आणला, तेव्हा त्याने खांद्याचा, कमरेचा, सगळा विचार केला होता. नऊवारीचा ओचा मात्र त्याच्या हिशेबात नसावा. अखेर खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर गाडी उभी असताना आत्या, मी आणि ओचा यांच्यात समझोता झाला.

मग मी ऐसपैस टेकलो. खरं सांगतो, सुख होतं! पाठीला हवा तेवढा कल, मांडीखाली पुरेशी गादी, खिडकीला ओढून घ्यायची जाळीदार झापड, डोक्यावर स्वतंत्र दिवा. पुढच्या दोन सीटांच्या मधून गार वाऱ्याचा झोत थेट बनियनमध्ये शिरत होता. मागे काही वेगळा एसी नसतो, पुढचीच थंडी मधल्या नळीतून येते, हे मला ठाऊक होतं, पण सुखाला असले तपशील विचारू नयेत. मधला आर्मरेस्ट खाली पाडला आणि त्यावर कोपर टेकवून मी संस्थानिकासारखा बाहेर पाहू लागलो. शिरवळ येईपर्यंत माझं कोपर आर्मरेस्टवरून हद्दपार झालं होतं. त्यातल्या कप ठेवायच्या दोन खळग्यांपैकी एकात आत्याचा अडकित्ता आणि चुन्याची डबी होती, दुसऱ्यात चष्मा. "बरी सोय केल्यात हो," आत्या म्हणाली. जपानी, कोरियन, जर्मन, कोणत्याही इंजिनिअरला आपल्या खळग्यात अडकित्ता इतका चपखल बसेल याची कल्पना नसेल.

आमच्या काकांच्या फियाटमध्ये असले लाड नव्हते. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढेही तिघं बसायचे आणि मागे मोजदाद नसायची. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना न्यायची म्हणून मधून शाफ्ट जायचा, त्याचा उंचवटा पायाखाली असायचा आणि त्यावर घरातलं सर्वांत धाकटं पोर बसवायची पद्धत होती. आता बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर ओढल्या जातात, शाफ्ट गेला, तरी उंचवटा आहेच. त्याच्या खालून सायलेन्सरची नळी जाते आणि तळाच्या पत्र्याला मजबुतीही येते म्हणतात. धाकटं पोर मात्र आता स्टिअरिंगवर होतं.

खंबाटकी घाट लागला आणि माझा उजवा पाय बंड करून उठला. प्रत्येक वळणावर तो फूटमॅटमधून ब्रेक दाबायचा. आरशात कन्येचे डोळे दिसले. "बाबा, पाय." मन रमवायला मी पुढच्या सीटच्या खिशातलं गाडीचं पुस्तक काढलं. प्लॅस्टिकचं वेष्टनसुद्धा शाबूत होतं. 'आपत्कालीन परिस्थितीत' या मथळ्यापर्यंत पोचलो आणि पोटात कालवायला लागलं. डोळे सांगतात, पान स्थिर आहे. कानाच्या आतलं यंत्र सांगतं, आपण गरागरा वळतोय. आणि या भांडणाचा निकाल पोट लावतं. आत्याने मुकाट्याने आलेपाकाची वडी पुढे केली.

वाई फाट्याच्या पुढे चहाला थांबलो. बायको उतरली, कन्या उतरली. रस्त्याच्या बाजूचं दार उघडायचं नाही, म्हणून आम्हां दोघांना एकच दार, आणि ते उघडेना. कन्या लहान असताना दाराच्या कडेला असलेला चाइल्ड लॉकचा खटका मीच खाली केला होता आणि तो तसाच राहिला होता. काच खाली करायला बटण दाबलं, तर तेही कन्येने पुढून बंद केलेलं. मी काचेवर टकटक केली. धाब्यावरच्या पोऱ्याने पळत येऊन अदबीने दार उघडलं, आणि मी मंत्र्याच्या थाटात पाय खाली ठेवला. मागच्या सीटवर मंत्री आणि दोन वर्षांचं मूल यांचे अधिकार सारखेच: दार दुसऱ्याने उघडायचं, गाणी दुसऱ्याने लावायची, थंडी किती ते दुसऱ्याने ठरवायचं. फक्त मुलाला रडायची मुभा असते.

साताऱ्यानंतर रस्त्याची कामं आणि डायव्हर्शनं. मागची सीट मागच्या चाकांना चिकटून असते, त्यामुळे पुढच्यांना नुसता 'डुग' असा भासणारा खड्डा आपल्याला मणक्यामणक्याला भेटून जातो. त्या अवस्थेतही कऱ्हाडच्या अलीकडे मला झोप लागली. तोंड उघडं, मान आत्याच्या खांद्यावर. हा फोटो किणीच्या टोलनाक्यावरून फॅमिली ग्रुपवर गेला. त्यावर साडूंनी अंगठा दाखवला, आणि बायको पुन्हा मागे वळून हसायला लागली तेव्हा मी खिशातली कुडी काढून तिच्या तळहातावर ठेवली. पेठ नाक्यापासून चाललेलं हसू जागच्या जागी थांबलं.

कोल्हापुरात दसऱ्याच्या शाही सोहळ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे असतात. आमच्या गाडीसाठी गल्लीत आत्याची सून आणि एक कुत्रं उभं होतं. आत्या उतरायला तयार नव्हती. "बसू दे की जरा. आत गार हाय."

दुसऱ्या दिवशी परतीला मी न सांगता मागचं दार उघडलं, तर सीट भरलेली. भडंगाच्या पिशव्या, चपलांचे खोके, आणि माझ्या जागेवर दहा किलोची गुळाची ढेप. कन्या पुढे बसून मोबाइलला वायर लावत होती आणि बायकोने चावी माझ्या हातात ठेवली. गाडी सुरू करताच कुईंकुईं सुरू झाली. बायकोने मागे वाकून ढेपेला बेल्ट लावला, एसीचा झोत तिच्याकडे वळवला, खिडकीची झापड ओढली आणि म्हणाली, "सावकाश चालव हं, ढेप फुटेल."