चौदा दिवसांच्या आत

पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत माणूस गेलं की पुढचं सगळं आपोआप होतं. अण्णा गेले तेव्हा तेराव्याच्या आत मृत्युदाखलाही हातात पडला होता. त्यांची २०१० सालची मारुती आठशे २०२१ मध्ये गेली, ती सरकारदरबारी अजून जिवंत आहे.

गेली तीही आमच्या शहाणपणाने. पावसात आमच्याकडे दरडी येतात, म्हणून क्लचप्लेटचं निमित्त करून जुलैत तिला महाडच्या गॅरेजात ठेवली. महाडला काय, सगळी सपाटी! २२ जुलैला सावित्री आणि गांधारी हातात हात घालून बाजारपेठेत शिरल्या. पाणी उतरल्यावर पाहिलं तर डॅशबोर्डवरचा गणपती गळ्याइतक्या गाळात. २२ च्याच संध्याकाळी तळिये गावावर डोंगर आला होता. त्यापुढे ७९६ सीसीचं दुःख कोण काढणार? विमा थर्ड पार्टी. सावित्री ही थर्ड पार्टीच की, हे माझं म्हणणं विमा एजंटाला पटलं नाही. गाडी टेंपोमागे बांधून आणली आणि खळ्याच्या कडेला फणसाखाली लावली.

यंदा भंगारवाला आला. "कागद नको, काय नको, थेट काट्यावर घालतो." आई राजी होती. पण वकिली शिकणारा पुतण्या मध्ये पडला. "आजी, उद्या याच नंबराच्या गाडीतून कुणी दरोडा घातला तर पोलीस आजोबांना शोधत येतील."

"शोधू देत. सापडले तर मलाही कळवा म्हणावं."

तरीही सरळ मार्गाने जायचं ठरलं. मोटार वाहन कायद्याचं ५५ वं कलम सांगतं की गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं. चौदा! म्हणजे कायदा लिहिणाऱ्यानेही तेराव्याचं जेवण धरलंय. आम्ही 'शक्य तितक्या लवकर'ला धरून बसलो. चार वर्षं म्हणजे आमच्या घराण्यात घाईच.

आरसी बुकाचा पुरात लगदा झालेला. दुय्यम प्रत हवी तर आधी पोलिसांत गहाळ झाल्याची तक्रार. मी प्रामाणिकपणे लगदा टेबलावर ठेवला. हवालदार म्हणाले, "हे तर आहे तुमच्याकडं. मग गहाळ काय झालं?" मी तो पिशवीत घातला, बाहेर जाऊन गहाळ केला आणि परत आलो.

प्रत मिळाली तर तिच्यावर बँकेचा बोजा! कर्ज २०१४ लाच फिटलेलं, पण फॉर्म ३५ भरून बोजा उतरवायचा असतो हे अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं. कर्ज देणारी बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. म्हणजे मयत बँकेच्या वारसाने मयत अण्णांच्या वारसाला मयत गाडीबद्दल हरकत नाही असं लिहून द्यायचं. वारसांत बदलापूरची ताईही आली. जमिनीत कधी वाटा न मागितलेली ताई साडेसहाशे किलो पत्र्यावर अडली. "त्याच गाडीतून मी सासरी गेले, मी नाही सही करणार." अर्धी पाटी आंबे आणि दोन फोनांनंतर सही आली.

मग चेसिस नंबरचा छाप. सेलोटेप लावून पेन्सिल घासायची. गंज आणि सावित्रीचा गाळ यांतून एक आकडा मला ३ दिसे, पुतण्याला ८. आईने चिंचेने घासून काढला. निघाला ३.

सरकारमान्य भंगार केंद्राने सगळं पास केलं. २०२१ च्या नव्या नियमांनुसार गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवलं की नव्या खाजगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. नव्या गाडीचे पैसे कोण देणार, एवढंच त्यात नाही.

काल क्रेन आली. ड्रायव्हरने मागचं दार उघडलं आणि ओरडत मागे आला. सीटवर आईची कोंबडी अकरा अंड्यांवर बसलेली. अण्णा सोडून त्या गाडीत इतक्या हक्काने कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"दादा, गाडी सगळी क्लियर आहे ना?" ड्रायव्हर बोट चोखत मला विचारत होता.

आईने त्याच्यापुढे चहा ठेवला. "परवाच बसलीय रे ती. एकवीस दिवस लागतात. पिल्लं बाहेर आली की ये."