मुलाबाळांसह स्थलांतर: राहण्याचे ठिकाण निवडण्याची शास्त्रोक्त रीत

मुलाबाळांसह नव्या गावी राहायला जाणाऱ्या कुटुंबाने आधी शाळा पाहावी, मग पाणी, मग दवाखाना, मग कामावर जाण्यायेण्याचा वेळ आणि शेवटी भाडे, असा सर्वमान्य क्रम आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतही तो लागू आहे. फक्त तो खालून वर वाचायचा असतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. या सात तालुक्यांत सहा महानगरपालिका बसवलेल्या आहेत. शहापूर आणि मुरबाड यांच्या वाट्याला एकेक नगरपंचायत आली, आणि उरलेल्या डोंगर, जंगल, धरणे व पाडे यांचा कारभार ग्रामपंचायतींकडे राहिला. इथल्या स्थलांतरितांचे तीन वर्ग पडतात. पहिला येणाऱ्यांचा: डोंबिवली-ठाण्यात घर परवडत नाही म्हणून वासिंद, आसनगाव, आटगाव या बाजूला सरकत आलेली कुटुंबे. दुसरा जाणाऱ्यांचा: डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई इकडून पोरांच्या शिक्षणासाठी कल्याण-बदलापुरात खोली घेणारी. तिसरा वर्ग नेल्या जाणाऱ्यांचा. त्याचा उल्लेख कोणत्याही माहितीपत्रकात नसतो, म्हणून येथेही तो रिवाजाप्रमाणे शेवटी घेतला आहे.

येणाऱ्यांनी प्रथम अंतर समजून घ्यावे. अंतर दोन प्रकारचे असते: प्रत्यक्ष आणि जाहिरातीतले. प्रत्यक्ष अंतर किलोमीटरमध्ये मोजतात, जाहिरातीतले मिनिटांमध्ये. ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ या वाक्यात ती पाच मिनिटे कोणाची, हे लिहिलेले नसते. शेअर रिक्षा भरलेली आणि सुटायच्या बेतात असेल, महामार्ग ओलांडायला वाट मिळाली असेल आणि पाऊस नसेल, तर ती बिल्डरची. एरवी ती ग्राहकाची, म्हणजे वीस. खुद्द शहापूर गावाला स्टेशन नाही. ते आसनगावला आहे. आसनगाव मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ८६ किलोमीटरवर, कसारा १२१ वर. आसनगावहून लोकलने मुंबई गाठायला दोन तासांच्या आसपास लागतात, कसाऱ्याहून अडीच. एक गाडी चुकली की पुढची केव्हा, हे पाठ असल्याशिवाय इथे कोणी स्वतःला स्थायिक म्हणवत नाही. कल्याणच्या पुढे लोकल, मेल, एक्स्प्रेस आणि मालगाडी सगळ्या दोनच रुळांवर नांदतात. तिसऱ्या मार्गिकेचे काम चालू आहे, आणि ते बरीच वर्षे चालू आहे.

मुलांच्या दृष्टीने या अंतराचा परिणाम साधा असतो. बाप पहाटे निघतो तेव्हा ती झोपलेली असतात, परततो तेव्हाही झोपलेली असतात. मुलांसाठी मोठे घर घेतले, या वाक्याचा अर्थ मुलांना रविवारी भेटण्यासाठी मोठे घर घेतले, असा लावावा. सॅम्पल फ्लॅट पाहायला मात्र मुलांना अवश्य न्यावे. तिथला मुलांच्या खोलीतला पलंग इतका बेताचा असतो की त्यावर मूल निजवून पाहिल्याखेरीज खोली मोठी का दिसते याचा उलगडा होत नाही. भिंतीवर कार्टून असते, कोपऱ्यात अभ्यासाचे टेबल असते, आणि दाराला दार नसते, कारण दार लावले तर ते उघडायला जागा लागते.

मुरबाडला जाणाऱ्यांना लोकलच्या वेळा पाठ करण्याचा त्रास नाही. भारतातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला आली. त्याच ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडला ती अजून यायची आहे. कल्याण-मुरबाड रेल्वे नाही असे म्हणणे मात्र चूक ठरेल. ती निवडणुकीच्या सभांना नेमाने येते, सर्वेक्षण, मंजुरी आणि खर्चाचा वाटा एवढी स्टेशने घेते आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत यार्डात जाते. तोवर कल्याणहून माळशेजकडे जाणारा महामार्ग, एसटी आणि काळी-पिवळी जीप यांवर भागवावे लागते. काळी-पिवळीत माणसे किती बसतात हे गाडीच्या कागदांवर अवलंबून नसून रस्त्यात हात दाखवणाऱ्यांवर अवलंबून असते.

शहापूरकरांना समृद्धीही लाभली आहे. नागपूरहून निघालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि तो शहापूर तालुक्यातून जातो. त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला मनाई आहे. तालुक्यातली बहुसंख्य कुटुंबे याच दोन वाहनांतून फिरत असल्याने समृद्धी त्यांना पुलाखालून पाहता येते. जमिनीचे भाव मात्र पुलाखालीही पोचले.

यानंतर पाणी. या बाबतीत शहापूर तालुका देशातल्या अत्यंत संपन्न भागांत मोडावा. तानसा धरण १८९२ सालचे. भातसा त्याहून कितीतरी मोठे. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातशाचे. धरणातून सोडलेले पाणी नदीने पिसे येथे जाते, तिथे उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि मुंबईच्या विसाव्या मजल्यावर गिझरमध्ये शिरते. ज्या तालुक्यातून ते निघते तिथे फेब्रुवारी-मार्चपासून टँकर लागतात. कसारा-खर्डी पट्ट्यातल्या पाड्यांवर टँकर विहिरीत पाणी सोडतो आणि तेच पाणी पुन्हा दोराने शेंदून काढावे लागते. टँकर आल्याची वर्दी पोरे देतात, हंडे लावायचे काम त्यांच्या बहिणी करतात, आणि विहिरीचा तळ खरवडताना वाटीने भरलेले पाणी गढूळ की प्यायचे, याचा निवाडा आजी करते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हा मथळा वर्तमानपत्रांना दर एप्रिलमध्ये लागतो. तो जुळवून ठेवला तर छपाईचा खर्च तरी वाचेल. भावली धरणावरून तालुक्याला पाणी आणण्याची योजना आहे. हे धरण शेजारच्या इगतपुरी तालुक्यात आहे. स्वतःच्या तालुक्यातली धरणे शेजाऱ्यांच्या कामी आल्यावर हा तोडगा तर्कशुद्धच म्हटला पाहिजे.

यावरून पाण्याजवळ घर हवे असलेल्यांसाठी नियम असा निघतो: धरणाजवळ राहू नये, जलवाहिनीच्या दुसऱ्या टोकाला राहावे. बारवी धरणाची उंची वाढवली तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या काही गावांना हा नियम पाळण्याचीही गरज पडली नाही. ठिकाण निवडण्याचे काम पाण्यानेच केले.

शाळेचा विषय पालकांना सर्वांत जिव्हाळ्याचा आणि म्हणून सर्वांत महागडा. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे त्यामागचे गणित. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज भरतानाही घरापासून शाळेचे अंतर लागते आणि ते नकाशावर मोजले जाते. मधे ओढा किंवा टेकडी असली तरी नकाशाला चढउतार नसतो. जाणत्या पालकांनी त्यामुळे घर पाहण्याआधी नकाशा पाहण्याची पद्धत पाडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने यात भर घातली: सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर तिथल्या खासगी शाळेला या राखीव जागांतून सूट. त्यामुळे शाळेजवळ घर असणे हा काही महिने तोट्याचा व्यवहार ठरला. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला आणि शाळेजवळचे घर पुन्हा शाळेजवळ आले.

जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट घटला की ती धोक्यात येते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार सरकारने २०२३ मध्ये मांडला, तेव्हा डोंगरकपारीतल्या पाड्यांना आपल्या मुलांची संख्या प्रथमच तोंडपाठ झाली. चार घरे कल्याणला गेली की पट घटतो, पट घटला की शाळेचे भवितव्य टांगणीला लागते, आणि शाळेचे खरे नाही म्हणून आणखी चार घरे कल्याणला जातात. या चक्राला धोरण म्हणतात.

शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांनी नेमणुकीच्या गावी, म्हणजे मुख्यालयी, राहावे अशी अट आहे, आणि त्यांच्या पगारात घरभाडे भत्ताही असतो. अनेक ठिकाणी ही मंडळी मुख्यालयी राहतात ती ग्रामसभेच्या ठरावात. त्यांची मुले तालुक्याला किंवा कल्याणला शिकतात. गुरुजींना दोष देण्याचे कारण नाही. पाणी, रस्ता आणि डॉक्टर नसलेल्या गावी पोरे घेऊन राहायला कोण जाईल, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कृतीने दिले आहे. नवख्या कुटुंबाने एवढेच करावे: जिथे घर घ्यायचे तिथले गुरुजी संध्याकाळी कोणत्या दिशेची गाडी पकडतात ते पाहावे. सर्व माहितीपत्रकांपेक्षा ही खूण भरवशाची.

तरुण घरे गेल्यावर गावात शिकायला कोण उरते, याचे एक गोड उत्तर मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाने दिले. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन येतात. उपहासाला इथे जागा नाही.

दवाखान्याचा विचार थोडक्यात आटोपतो, कारण दवाखानाही तो थोडक्यात आटोपतो. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. दोन्हीकडे ‘पुढे न्या’ हा सल्ला मोफत मिळतो. पुढे म्हणजे उल्हासनगर किंवा ठाणे. रस्ता नसलेल्या पाड्यावरून बाळंतीण झोळीत घालून खांद्यावरून आणावी लागते. ही बातमीही पावसाळ्यात ठरलेली.

आता तिसरा वर्ग. या दोन्ही तालुक्यांतली कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे दिवाळी झाली की भिवंडी, कल्याण, वसई भागातल्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मुलाबाळांसह दर वर्षी गाव बदलण्याचा एवढा दांडगा अनुभव जिल्ह्यात दुसऱ्या कोणाकडे नाही, तरी त्यांचा सल्ला कोणी विचारत नाही. त्यांची निवडीची पद्धत अत्यंत सोपी आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो किंवा लग्न, आजारपण निघते, तेव्हा शेठकडून बयाणा उचलतात. ज्याचा बयाणा त्याची भट्टी, आणि भट्टी जिथे तिथे घर. जागा पाहायला जावे लागत नाही, करारनामा नोंदवावा लागत नाही, शेजार कसा याची चौकशी नको. टेंपो दारात येतो. भांडी, कोंबड्या, म्हातारी आणि मुले चढतात.

घराला भोंगा म्हणतात. ते त्याच भट्टीच्या विटा एकावर एक रचून उभे करतात. मधे सिमेंट नाही, वर पेंढा नाहीतर प्लॅस्टिक. उंची एवढी की आत वाकून शिरावे लागते. मजुरी माणसावर नाही, हजार विटांवर. रोजच्या मिठा-पिठासाठी आठवड्याला खर्ची मिळते आणि खरा हिशेब हंगाम संपल्यावर होतो. पहाटेच्या अंधारात बाप गारा करतो, आई साच्यातून विटा पाडते, आठ वर्षांचा मुलगा सुकत घातलेल्या विटा उलथतो आणि दहा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन चूल सांभाळते. हंगाम सरला की भोंग्याच्या भिंतीही विटाच असल्याने शेठ त्या उचलून विकतो. हिशेबात बयाणा फिटला नाही, तर पुढच्या वर्षीचे ठिकाणही तिथेच ठरते. वेठबिगारी भारतात १९७६ च्या कायद्याने बंद झालेली आहे.

या मुलांचे शैक्षणिक वर्षही सुटसुटीत असते: पहिले सत्र पाटीवर, दुसरे विटांवर. जूनमध्ये नाव असते, दिवाळीनंतर हजेरीपटावर आडव्या रेघा असतात. वसई भागात विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात भट्टीवरच ‘भोंगा शाळा’ भरवून दाखवल्या. सरकारकडे यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे: मूल गाव सोडते तेव्हा ते हातात द्यायचे आणि भट्टीजवळच्या शाळेने त्यावर त्याला बसवून घ्यायचे. कार्ड छापले जाते. ते टेंपो सुटण्यापूर्वी पोचायला हवे, आणि टेंपो पहाटे सुटतो.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळतो की नाही हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, आणि कलम ५ प्रमाणे आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. भट्टीच्या धुराचा त्रास होतो म्हणून खिडक्या लावून घेणाऱ्या नव्या संकुलांतल्या रहिवाशांनी दिवाळीनंतर एकदा भट्टीपर्यंत चालत जावे, शाळेच्या वयाची किती मुले आहेत ते मोजावे आणि तो आकडा जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना लेखी कळवावा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.